पावसाळ्यात अंगणातल्या तळ्यातले कोई मासे कसे सांभाळायचे?

पाणवठा (तळेगाव दाभाडे)
९ जून, रात्री ९:४०

मृग लागला. दरवर्षी या दिवसांत ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. कालपर्यंत मासे ठणठणीत होते, रात्री पाऊस झाला आणि सकाळपासून तळाशी गप्प बसलेत, खाणं टाकलं तरी वर येत नाहीत. उन्हाळ्याला सगळेच घाबरतात, शेडनेट बांधतात, पाणी वाढवतात. पाऊस आला की हुश्श करतात. माझं ठाम मत असं की आपल्याकडे कोईंना खरा धोका पावसाळ्यात असतो. आधीच सावध व्हावं म्हणून हा धागा काढतोय.

मासे खातात तसा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण हे काम करताना ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातात, हे फारसं कुणी सांगत नाही. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्ची पडते. टेस्ट किटमध्ये केएच नावाची बाटली असते, ती हेच मोजते. पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, ७ च्या खाली पाणी आम्ल) जागेवर राहतो तो या केएचमुळे.

एरवी आपण आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलतो आणि बोअरच्या जड पाण्यातून केएच भरून निघतो. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून पाणी बदलणं बंद होतं. वरून जे पडतं त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतंच. जिवाणूंचं खाणं मात्र चालूच. तीन-चार आठवड्यांत केएच तळाला जातो आणि मग एका रात्रीत पीएच ८ वरून ६ च्या खाली घसरतो. आदल्या दिवशीपर्यंत वरवर काहीच दिसत नाही, हीच यातली वाईट गोष्ट.

म्हणून पाऊस असला तरी पाणी बदलत राहा. तळं भरलेलं आहे म्हणजे पाणी नवं आहे असं नाही. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा केएच मोजा आणि ५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. खाली गेलाच तर खायचा सोडा घाला. १००० लिटरला ३० ग्रॅम सोड्याने केएच साधारण १ अंश वाढतो. पण अमोनिया मोजल्याशिवाय सोडा घालू नका. त्याचं कारण मोठं आहे, कुणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

---

गारवा (नाशिक)
९ जून, रात्री १०:१५

विचारलंच समजा! अमोनिया का मोजायचा आधी?

आणि एक शंका. आमच्या गच्चीचं पन्हाळीचं पाणी थेट तळ्यात सोडलंय. शुद्ध पाणी फुकट मिळतं म्हणून. ते चालेल ना?

---

पाणवठा
१० जून, सकाळी ६:५०

गारवा, पन्हाळ आजच्या आज वळवा. तळ्याच्या तोंडावर पडतो तेवढा पाऊस पुष्कळ झाला. गच्चीचं क्षेत्रफळ तळ्याच्या कितीतरी पट असतं, एका मोठ्या सरीत तळ्यातलं निम्मं पाणी बदलून जाईल. शिवाय पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण, वॉटरप्रूफिंगचा थर हे सगळं तळ्यात उतरतं. तळ्याचा कठडाही जमिनीपासून निदान ६ ते ९ इंच उंच हवा, म्हणजे बागेतलं खत आणि फवारणीचं पाणी वाहत आत येणार नाही.

आता अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ले जाळतं. कुठलं किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पाणी २६ अंशांचं धरा. पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के विषारी असतो. पीएच ८.२ झाला की तोच जवळपास ९ टक्क्यांवर जातो.

पीएच कोसळला की फिल्टरचे जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया साठायला लागतो. पण पीएच कमी असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात पडून असतो, मासे कसेबसे तग धरतात. अशा वेळी घाबरून कुणी बोअरचं ८.२ पीएचचं पाणी निम्मं तळंभर सोडतं किंवा सोड्याचं आख्खं पाकीट ओततं. तासाभरात तो साठलेला अमोनिया विषारी होतो. मासे पीएच पडल्याने मेले नाहीत, ते या उपायाने मरतात. नंतर मालक म्हणतो, "पाणी बदललं तरी वाचले नाहीत."

---

मत्स्यगंधा (रत्नागिरी)
१० जून, दुपारी १:०५

उत्तम धागा. मी मत्स्यविज्ञानातच शिकले आहे, त्यामुळे थोडी भर घालते.

पाणवठा यांनी सांगितलेला "मासे तळाशी गप्प" हा प्रकार दिसला की पहिलं काम पाणी मोजणं, हे अगदी बरोबर. पण पाण्याचे सगळे आकडे चांगले असूनही मासे तळाला आडवे पडत असतील, हात लावला की जरा पोहून पुन्हा आडवे होत असतील, तर कार्प एडिमा विषाणूचा संशय घ्या. कोईवाले त्याला 'स्लीपी डिसीज' म्हणतात. भारतातही कोईंमध्ये हा विषाणू सापडल्याची नोंद आहे. साधारण १५ ते २५ अंश पाण्यात तो डोकं वर काढतो, म्हणजे घाटमाथ्यावरचा पावसाळा त्याला अगदी सोयीचा. यात ०.५ टक्के मीठ, म्हणजे १००० लिटरला ५ किलो, दोन-तीन दिवसांत विभागून घातलं आणि हवा भरपूर ठेवली तर बरेच मासे वाचतात.

दुसरा कोई हर्पिस विषाणू, केएचव्ही. १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेतल्या साथींतून तो पुढे आला. २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात त्याने खाण्यासाठी पाळलेल्या कार्पची (कोईच्याच जातीचा मासा) फार मोठी मर झाली. त्यावर औषध नाही. नवा मासा वेगळ्या टाकीत निदान तीन-चार आठवडे ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. त्या टाकीची जाळी, बादली, पाइपही वेगळे. पावसाळ्यात तर नवा मासा आणूच नये असं मी म्हणेन. प्रवासाने दमलेला मासा आणि रोज बदलणारं पाणी एकत्र नको.

---

सावनेरकर
१० जून, संध्याकाळी ७:३०

आमच्याकडं पाऊस यायला अजून वेळ आहे, आज पारा ४३ वर होता. तळं ५ फूट खोल आहे आणि वर हिरवी नेट आहे म्हणून निभतंय. पहाटे ४-५ च्या सुमारास मासे वर तोंड काढून हवा घेतात, सूर्य वर आला की थांबतात. फिल्टर चालू आहे. पाणी हिरवं आहे थोडं. हे कशानं?

---

पाणवठा
१० जून, रात्री ८:२०

दादा, हे ऑक्सिजनचं आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात पाणी हिरवं म्हणजे शेवाळ. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री माशांबरोबर तेही ओढतं. त्यामुळे सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे असतो. फिल्टरची धार पुरत नाही. वेगळा एअर पंप लावा, त्याचा बुडबुडे सोडणारा हवेचा दगड अगदी तळाला न ठेवता तळापासून फूटभर वर ठेवा, आणि तो रात्री हमखास चालू राहील असं बघा. खाणं आता सकाळी उशिरा द्या, संध्याकाळी नको. पचवायलाही मासा ऑक्सिजन खर्च करतो.

पावसाळ्यातही याचा संबंध आहे. दोन-तीन दिवस सलग ढगाळ गेले की हेच शेवाळ दिवसाही ऑक्सिजन देत नाही. त्यातून ते एकदम मेलं तर पाणी एका दिवसात हिरव्याचं तपकिरी होतं आणि वास येतो. तसं झालं तर खाणं बंद, हवा दुप्पट, आणि रोज थोडं थोडं पाणी बदलायचं.

---

अंगणवेल (सातारा)
११ जून, सकाळी ११:००

लाइट जाते त्याचं काय करावं? आमच्याकडे पावसात सहा-सहा तास गायब असते.

---

पाणवठा
११ जून, दुपारी ३:१०

अंगणवेल ताई, मोठा पंप इन्व्हर्टरवर चालवायच्या फंदात पडू नका. एअर पंप ३०-४० वॅटचा असतो, तो घरच्या १५० एएचच्या बॅटरीवर रात्रभर सहज चालतो. तेवढी एक वायर तळ्यापर्यंत न्या. मासे हवेवर तगतात.

फिल्टरचं मात्र लक्षात ठेवा. पाणी चार-सहा तास थांबलं की आतल्या जिवाणूंचा श्वास कोंडतो आणि गाळ कुजायला लागतो. लाइट आल्यावर पंप चालू करण्याआधी फिल्टरचा तळाचा व्हॉल्व्ह उघडा आणि ते काळं, वास मारणारं पाणी गटारात जाऊ द्या. ते तळ्यात ढकललं तर सगळी घाण माशांच्या कल्ल्यांवर. स्पंज धुवायचे ते तळ्याच्याच पाण्यात, नळाच्या पाण्यात नाही.

नळावरून आठवलं. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं म्हणून पालिका आणि ग्रामपंचायती टीसीएल (क्लोरीनच्या) पावडरचं प्रमाण वाढवतात. टँकरवाले तर अंदाजानेच घालतात. जे पाणी मे महिन्यात थेट सोडून चालत होतं तेच जुलैत कल्ले पांढरे करतं. पाणी पिंपात घेऊन, हवेचा दगड सोडून २४ तास ठेवा, नाहीतर क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे विरघळवून घाला. हायपो मत्स्यालयाच्या दुकानात किलोवर मिळतो.

---

जर्सीकर
१२ जून, सकाळी ७:४५

इथे न्यू जर्सीत आमची लढाई बर्फाशी. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की खाणं पूर्ण बंद, मासे महिनोन्‌महिने काही खात नाहीत आणि वसंतात पुन्हा सुरू होतात. तुमच्या धाग्यावरून केएच मोजला तर ३ निघाला, इथेही मार्चपासून पाऊसच होता. सोडा सुरू केला. अमोनिया शून्य होता, आधी मोजला.

एक विचारायचं होतं. पुण्याच्या थंडीत तुम्ही खाणं थांबवता का?

---

पाणवठा
१२ जून, सकाळी ८:३०

पूर्ण थांबवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत ४ फूट खोल तळ्याचं पाणी १५-१८ च्या आसपास राहतं. तेव्हा गव्हाच्या अंकुराचं खाणं, दिवसातून एकदा, दुपारी. कोईला जठर नसतं, आतड्यातच सगळं पचतं, म्हणून एका वेळी भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं बरं. पाच मिनिटांत संपेल एवढंच. पोळीचे तुकडे, पाव, चुरमुरे अजिबात नकोत. मुलांना गंमत वाटते, पण पाण्याची वाट लागते.

पावसाळ्यात खाण्याचा डबा हाही विषय आहे. पाच किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण दमट हवेत महिन्याभरात त्याला बुरशी धरते. वास जरा जरी कुबट आला तरी फेकून द्या. बुरशीचं विष यकृतात साठतं आणि मासा हळूहळू खंगतो. जून ते सप्टेंबर अर्ध्या-एक किलोची पाकिटंच आणा.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
३ जुलै, सकाळी ७:२०

मदत हवी आहे. तळं १० × ६ × ४ फूट, म्हणजे अंदाजे ६,८०० लिटर. कोई सात, मोठा कोहाकू (पांढऱ्यावर लाल डागांचा कोई) दीड फुटाचा. गेले बारा दिवस इथे पाऊस थांबलेला नाही. काल संध्याकाळपासून मासे पंख अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात आहेत. आज धागा वाचून किट काढलं. पीएच ६, केएच पहिल्याच थेंबाला रंग बदलला, अमोनिया २, नायट्राइट शून्य. विहिरीचं पाणी मोजलं, त्याचा पीएच ६.५ आणि केएच २. पाणी बदलू की सोडा घालू? घरी सोडा एक किलो आहे.

---

पाणवठा
३ जुलै, सकाळी ७:३५

आधी खाणं बंद करा आणि हवा जेवढी देता येईल तेवढी द्या. किलोभर सोडा एकदम नको.

तुमच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, त्यामुळे पीएच एकदम उसळायची भीती नाही. हे तुमच्या पथ्यावर पडलंय. आधी १५ टक्के पाणी तळाकडून काढा आणि विहिरीचं भरा, तेवढा अमोनिया कमी होईल. मग २०० ग्रॅम सोडा बादलीभर तळ्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, पाणी पडतं त्या धारेत तासाभरात हळूहळू सोडा. तेवढ्याने केएच १ अंशाने वर येईल. संध्याकाळी पुन्हा मोजा. उद्या हेच परत. पीएच दिवसाला अर्ध्या-पाऊण अंकापेक्षा जास्त वर जाऊ नये असं बघा. लवकर सरकला तर सोडा थांबवून नुसतं पाणी बदला.

---

मत्स्यगंधा
३ जुलै, सकाळी ८:१०

पाणवठा यांनी सांगितलंय तेच करा. दोन गोष्टी जोडते. अमोनिया शोषायला कुणी झिओलाइट सुचवेल, चांगलं आहे, पण मग मीठ घालू नका. मिठामुळे झिओलाइट शोषलेला अमोनिया परत सोडतं. आणि फिल्टर पुन्हा चालू होताना मधे नायट्राइट वर जाईल. तो दिसला की झिओलाइटची पिशवी बाहेर काढा आणि मग १००० लिटरला १ किलो जाडं मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

तुमचा मूळ प्रश्न जांभ्याच्या जमिनीचा आहे. कोकणातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी असंच मऊ आणि किंचित आम्ल असतं. देशावरच्यासारखं नुसतं पाणी बदलून केएच भरून निघणार नाही. त्यावर सोपा उपाय तुमच्या बाजारातच आहे. कालवांचे शिंपले आणा, उकळून, घासून, उन्हात वाळवा (सध्या चुलीवर) आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये पाण्याच्या वाटेवर ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की ते आपोआप विरघळतात, नसलं तर तसेच पडून राहतात. जास्त झाले म्हणून बिघडत नाही. तिसऱ्यांचे शिंपलेही चालतील. आताच्या अडचणीला मात्र शिंपले पुरणार नाहीत, आता सोडाच.

---

वाशिष्ठीकाठ
३ जुलै, रात्री ९:५०

पीएच ६.६, अमोनिया १.५. दोन मासे फिरायला लागलेत. कोहाकू अजून कोपऱ्यात.

---

वाशिष्ठीकाठ
७ जुलै, दुपारी १२:३०

सगळे सात आहेत! पीएच ७.३, केएच ४, अमोनिया पाव. नायट्राइट मधे १ वर गेला होता, पिशवी काढून मीठ घातलं. आज चिमूटभर खाणं टाकलं तर कोहाकू सगळ्यात आधी वर आला. शिंपल्यांची पिशवी भरून ठेवली आहे. पाणवठा दादा, मत्स्यगंधा ताई, कसे आभार मानू? २०२१ च्या पुरात आमचं जुनं तळं गाळाने भरलं होतं, हे नवं मुलीने हट्टाने करून घेतलंय.

---

गारवा
१४ जुलै, सायंकाळी ६:१५

पन्हाळ वळवली होती, केएच ७ वर स्थिर आहे. आता वेगळंच. दोन मासे भिंतीला अंग घासतायत, मधेच उसळी मारतात. एकाला टबात घेऊन बघितलं तर छातीच्या पराच्या मागे मसुराएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक चकती चिकटलेली. बोट लावलं तर सरकली! दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात.

---

मत्स्यगंधा
१४ जुलै, रात्री ८:४०

ते डोळेच आहेत. ही माशांची ऊ, आर्गुलस. चिमट्याने अलगद काढा आणि त्या जागी पोव्हिडोन आयोडीन लावा. पण अंगावरच्या काढून काम संपत नाही. मादी अंडी माशावर घालत नाही, तळ्याच्या भिंतीवर, दगडावर, कुंडीवर ओळीने चिकटवते. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात.

आपल्याकडचे मत्स्यशेतीवाले एक युक्ती करतात. तळ्यात बांबूचे तुकडे किंवा खडबडीत फळ्या उभ्या सोडा. माद्या अंडी घालायला त्यांवर येतात. दर आठवड्याला फळी काढून कडक वाळवा आणि दुसरी सोडा. पावसात ऊन नसेल तर उकळतं पाणी ओता. अंगावर उवा फार झाल्या असतील तर औषध लागेल. मात्र दुकानदाराच्या तोंडी मापावर शेतीचं कीटकनाशक तळ्यात ओतू नका, माशाला घातक मात्रा आणि उवेची मात्रा यांत फार अंतर नसतं. नागपूरला तेलंखेडीला, उदगीरला आणि आमच्याकडे रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत. जवळ असेल तिथे मासा दाखवा.

---

अंगणवेल
२ ऑगस्ट, सकाळी ९:००

आमच्या तळ्यातून दोन छोटे गायब. बगळा असेल का? पावसात तळं भरलं की पाणी कठड्याला टेकतं.

---

पाणवठा
२ ऑगस्ट, सकाळी १०:२५

वंचक जातीचा बगळा असेल, किंवा रातबगळा. रातबगळा अंधारात येतो म्हणून कुणाला दिसत नाही. दोघांनाही काठावर उभं राहून चोच खाली घालता यायला हवी. पाण्याची पातळी कठड्यापासून निदान फूटभर खाली राहील अशी ओव्हरफ्लोची जागा करा. छोटे मासे आहेत तोवर वर नायलॉनची जाळी ताणून बांधा. सैल सोडली तर तीत दिवड अडकते. अडकली तर सर्पमित्राला बोलवा, बिनविषारी असते.

ओव्हरफ्लोबद्दल अजून एक. नुसतं वरून भोक ठेवलं तर पावसाचं स्वच्छ पाणीच वाहून जातं आणि तळाची घाण तशीच राहते. उभ्या पाइपाभोवती दुसरा मोठा पाइप घाला, बाहेरच्याला तळाशी खाचा पाडा आणि त्याचं वरचं तोंड पाण्याच्या वर ठेवा. मग जेवढा पाऊस पडेल तेवढं तळाचं गढूळ पाणी बाहेर जातं. खाचांना बारीक जाळी हवीच. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच (कॉमन कार्प), नाल्यातून नदीत गेला तर तिथे वाढतो, चिखल उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांची जागा घेतो. मासे जास्त झाले म्हणून मुद्दाम धरणात सोडणारेही आहेत. कृपा करून तसं करू नका, इथे विचारा, कुणीतरी घेईल.

---

सावनेरकर
२२ ऑगस्ट, रात्री ९:१०

पाऊस इकडे जोरात आहे, केएच ६. एअर पंपानं पहाटेचं वर तोंड काढणं थांबलं. घरच्यांचं म्हणणं आहे की यंदा गणपतीचं विसर्जन तळ्यातच करू. मूर्ती शाडूची आहे, रंगही नैसर्गिक आहेत म्हणतात.

---

पाणवठा
२२ ऑगस्ट, रात्री ९:३५

दादा, शाडू असली तरी तळ्यात नको. तिचा कण इतका बारीक असतो की पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतो, कल्ल्यांवर बसतो आणि फिल्टरचा स्पंज दोन दिवसांत गच्च करतो. तळ्यातलंच पाणी मोठ्या टबात किंवा पिंपात काढून घ्या, तळ्याच्या काठावर आरती करा आणि विसर्जन त्या टबात करा. माती विरघळली की ती गाळून कुंड्यांना घालता येते, पाणी बागेला. तळ्यातून जेवढं काढलं तेवढं नवं पाणी भरताना मात्र आधी क्लोरीन घालवा.